कुत्रा चावला, आणि मी म्हणाले 'आलेस गूट'

२०२३ च्या ऑक्टोबरातली संध्याकाळ. बर्लिनमधल्या आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात मी निळ्या डब्यात रद्दी टाकत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा कुत्रा मागून आला आणि माझ्या डाव्या पोटरीला चावला. भुंकला नाही, गुरगुरला नाही, काही नाही. चावून झाल्यावर तोच दचकल्यासारखा दोन पावलं मागे सरकला.

आजी जिन्यावरून धापा टाकत आल्या. हातात पट्टा होता, पट्ट्याला कुत्रा नव्हता. "ओ गॉट, ओ गॉट" चाललं होतं. आणि मी, पँट चिकट होत चाललेली कळत असूनही, हसून म्हणाले, "आलेस गूट." म्हणजे सगळं ठीक आहे. इथे आल्यावर हे दोन शब्द व्याकरणाच्या आधी जिभेवर बसतात. ट्रॅममध्ये कुणी पायावर पाय दिला, आलेस गूट. हॉटेलात चुकीचं काहीतरी समोर आलं, आलेस गूट. माझी आजी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. मी तिची नात शोभले नाही.

घरी येऊन पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याखाली पाय धरला. एवढं मात्र लहानपणापासून पक्कं डोक्यात होतं. मग हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जाऊन बसले. डोक्यात एकच भीती, रेबीज. माझ्या पिढीला कुत्रा चावणं म्हणजे बेंबीतली चौदा इंजेक्शनं, हे ऐकूनच माहीत. डॉक्टरांना मी तेच आधी विचारलं. त्यांनी शांतपणे उलटा प्रश्न केला, "कुत्रा मूळचा कुठला?" मला वाटलं, गंमत करतायत. पण जर्मनी २००८ पासून जमिनीवरच्या प्राण्यांमधल्या रेबीजपासून मुक्त आहे. उरला तो वटवाघळांमधला. त्यामुळे इथे विचारतात ते कुत्रा बाहेरच्या देशातून आलाय का, आणि आला असेल तर त्याची लस झालीय का. आजींचा कुत्रा निघाला रोमानियाचा, तिथल्या भटक्यांमधून दत्तक घेतलेला. बर्लिनमध्ये असे कितीतरी आहेत. आजींनी फोनवर त्याच्या निळ्या युरोपियन पासपोर्टाचा फोटो पाठवला, त्यात रेबीजच्या लसीचा शिक्का होता. माणसाचा नाही, कुत्र्याचा पासपोर्ट बघून मला घरी सोडलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक दिलं, आणि जखम न शिवता उघडी ठेवली. दाताची जखम बाहेरून टिकलीएवढी आणि आत खोल असते. घाईने शिवली तर घाण आतच कोंडते.

दुसऱ्या दिवशी आजी सफरचंदाचा केक आणि एक पाकीट घेऊन दारात. पाकिटात पन्नास युरो. केक घेतला, पाकीट परत दिलं. पुन्हा आलेस गूट. माझ्या मनात हिशेब असा होता: शेजारी आहेत, म्हाताऱ्या आहेत, एकट्या आहेत. यांच्याकडून पैसे घ्यायचे? कोर्टकचेरी करायची? परक्या देशात? जीव गेला का माझा?

हा मोठेपणा तीन आठवडे टिकला. मग आरोग्य विम्याच्या कंपनीचं, म्हणजे क्रांकनकासेचं, पत्र आलं. चार पानी फॉर्म: अपघात कुठे झाला, कधी झाला, दुसऱ्या कुणामुळे झाला का, त्याचं नाव-पत्ता काय. मी घाबरून ऑफिसातल्या एका जर्मन मैत्रिणीला विचारलं, "हे लपवलं तर चालेल का? आजींना त्रास नको." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विनातिकीट प्रवासाची परवानगी मागतेय.

तिने समजावलं ते असं. दुसऱ्याच्या कुत्र्यामुळे माझ्यावर उपचाराचा खर्च झाला, तर तो वसूल करायचा हक्क कायद्यानेच क्रांकनकासेकडे जातो. मी सोडून देते म्हटलं तरी तो सुटत नाही, कारण तो माझा उरलेलाच नसतो. मी पाच दिवस आजारपणाची रजा घेतली होती. इथे पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, आणि तेवढ्या पगाराची भरपाई मागायचा हक्क मालकाकडे जातो. म्हणजे मी आजींवर दया करून बसले होते, आणि माझ्या पाठीमागे दोन संस्था त्यांच्याकडे बिल पाठवायच्या तयारीत होत्या. उदार व्हायला माझ्याकडे उरलं होतं ते फक्त माझं स्वतःचं दुखणं.

त्या दुखण्यालाही इथे नाव आहे, श्मेर्त्सेन्सगेल्ड. शब्दशः वेदनेचे पैसे. औषधपाणी, फाटलेली पँट, बुडालेला पगार हे सगळं वेगळं. हे निव्वळ दुखलं त्याचे. याचा ठरलेला दर कुठल्याही कायद्यात नाही. जुन्या निकालांच्या जाड याद्या असतात आणि वकील त्यात आपल्यासारखी पोटरी शोधतात. व्रण कुठे राहिला, किती दिवस चालता आलं नाही, रात्री झोप लागत होती का, कुत्रा दिसला की अजून रस्ता ओलांडता का, या सगळ्याला वजन असतं. मला हे आधी फार विचित्र वाटलं. भीती कशी मोजणार? पण पहिल्याच दिवशी जखमेचा फोटो काढून ठेवला नव्हता याचं नंतर जे वाईट वाटलं, त्यावरून कळलं की मोजण्याची सोय आपणच करून ठेवायची असते. दर दोन-तीन दिवसांनी एक फोटो, शेजारी नाणं ठेवून. डॉक्टरांचा अहवाल. फाटलेली पँट, न धुता. आणि अंगणात कोण होतं त्याचं नाव. आमच्याकडे तळमजल्यावरचा सायकल दुरुस्त करणारा मुलगा साक्षीला होता, हे माझं नशीब.

आता मुख्य गोष्ट, जी मला आधी कळली असती तर तीन आठवडे वाचले असते. १९०० सालापासून लागू असलेल्या जर्मन दिवाणी संहितेत ८३३ वं कलम आहे. हौसेने पाळलेल्या प्राण्याने कुणाला इजा केली, तर पाळणारा भरपाई देतो. त्याची चूक होती का, कुत्रा आधी कधी कुणाला चावला होता का, पट्टा हातातून निसटला की मुद्दाम सोडला, हे प्रश्नच येत नाहीत. प्राणी पाळला म्हणजे त्याच्या प्राणीपणाचा धोकाही पाळला. १९०८ मध्ये एक सवलत घातली गेली: पोटापाण्यासाठी ठेवलेले प्राणी, म्हणजे मेंढपाळाचा कुत्रा वगैरे, यांचे मालक पुरेशी काळजी घेतल्याचं सिद्ध करून सुटू शकतात. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपणाऱ्याला ही सवलत नाही.

म्हणून आजींशी "तुमची चूक, माझी चूक" असा वाद घालायची वेळच येणार नव्हती. ज्या भांडणाला मी भीत होते ते कायद्याने आधीच काढून टाकलं होतं. चावलेल्याची चूक मात्र बघतात. कुत्र्याला डिवचलं, खाताना हात घातला, दोन भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये हात घातला, तर भरपाई कापली जाते. आपलाही कुत्रा सोबत असेल तर त्याचाही वाटा धरतात. रद्दी टाकणं यात बसत नाही.

धीर करून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. भाषण पाठ केलं होतं, जर्मनमध्ये, क्रियापदं शेवटी ठेवून. पहिलंच वाक्य अर्धं झालं तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अहो, विमा आहे ना! त्यासाठीच तर इतकी वर्षं भरतेय." आणि कपाटातून फाईल काढून पॉलिसीचा नंबर लिहून दिला. बर्लिनमध्ये कुत्रा पाळायचा तर तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, हुंडेहाफ्टफ्लिश्ट, सक्तीचा आहे. हांबुर्ग आणि नीडरझाक्सन या राज्यांतही सक्ती आहे. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, सगळ्या कुत्र्यांना नाही, तेव्हा म्युनिकवाल्यांनी आधी विमा आहे का ते विचारावं. पन्नास युरोंचं पाकीट आजींनी लाजेपोटी आणलं होतं, गरजेपोटी नाही. दोघीही उगाच एकमेकींना सांभाळत होतो.

विमा कंपनीने दीड महिन्यात उत्तर दिलं: सहाशे युरो, सोबत सहीसाठी एक कागद. इथे मात्र थांबा. त्या कागदावर सही म्हणजे या चावण्याबद्दल आता पुढे काही मागणार नाही. व्रण जाड झाला, नस दुखावलेली निघाली, पुढे शस्त्रक्रिया लागली, तरी नाही. जखम पुरती बसेपर्यंत सही करायची घाई नसते. दावा करायची मुदत सर्वसाधारण तीन वर्षं, आणि ती घटनेच्या दिवसापासून नाही तर त्या वर्षाच्या शेवटापासून मोजतात. माझी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत होती.

मी वकील गाठला. फीचा वेगळा करार केला नसेल, तर पहिल्या सल्ल्याला ग्राहकाकडून १९० युरो आणि वर कर, याहून जास्त घेता येत नाही. "जिंकलो तर एवढे टक्के" ही अमेरिकी पद्धत इथे सहसा नाही. पण समोरच्याची जबाबदारी ठरली की रास्त वकील फीही नुकसानीचाच भाग धरून त्याच्याच विम्याकडून येते. उत्पन्न कमी असेल, विद्यार्थी असाल, तर स्थानिक न्यायालयातून, आम्ट्सगेरिश्टमधून, सल्ल्यासाठी चिठ्ठी मिळू शकते आणि मग वकील पंधरा युरोंत ऐकून घेतो. लहान रकमेचा दावा याच न्यायालयात वकिलाशिवायही लावता येतो. माझं तिथवर गेलंच नाही. वकिलीणबाईंनी दोन पत्रं लिहिली आणि सहाशेचे अकराशे झाले. पँटचे मात्र पस्तीसच मिळाले. ऐंशीची होती, पण दोन वर्षं वापरलेली, म्हणून घसारा कापला. पँटच्या घसाऱ्याचं पत्र मी जपून ठेवलंय.

माझ्या राहण्याच्या परवान्यावर याचा काही परिणाम होईल का, असा प्रश्न मलाही पडला होता आणि नंतर दोघा-तिघांनी मला विचारला. दुसऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याशी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचा संबंध नाही.

आणखी एक. तुम्ही घरून कामावर किंवा कामावरून थेट घरी जाताना चावा बसला, तर तो कामाच्या वाटेवरचा अपघात ठरतो. मग आरोग्य विमा नाही, तर मालकाने भरलेला अपघात विमा उपचार करतो आणि त्यासाठी नेमलेल्या ठरावीक डॉक्टरांकडे जावं लागतं. तेव्हा दवाखान्यात पहिल्याच मिनिटाला सांगा. वेदनेचे पैसे तो विमा देत नाही, ते कुत्र्याच्या मालकाकडेच मागायचे.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. अवघड गेली ती तक्रार. पैसे मागणं एक, आणि ओर्डनुंग्सआम्टला, म्हणजे सार्वजनिक नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या स्थानिक कार्यालयाला, कळवणं दुसरं. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत. पोलिसांत निष्काळजीपणे इजा केल्याची तक्रारही करता येते, त्याला तीन महिन्यांची मुदत असते. किरकोळ जखमेत सरकारी वकील बहुधा प्रकरण बंद करतात, आणि सत्तरीतल्या बाईवर फौजदारी करायची माझी इच्छाही नव्हती. पण कुत्र्याबद्दल कळवायचं की नाही, यावर मी आठवडाभर घोळत राहिले. आजींना पैशांची भीती नव्हती, याची होती. कुत्रा धोकादायक ठरला तर मुसकं लागतं, परीक्षा घेतात, आणखीही काही होऊ शकतं. "तो आधी कधीच असा वागला नव्हता," त्या म्हणत राहिल्या. मला ते खरंही वाटत होतं.

मग एके सकाळी दुसऱ्या मजल्यावरची तीन वर्षांची पोर अंगणात त्याच निळ्या डब्यापाशी खेळताना दिसली. तिचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. मी कळवलं. आजींना आधी सांगितलं आणि मग कळवलं. बर्लिनमध्ये सोसायटीच्या जिन्यात कुत्रा पट्ट्यावरच असायला हवा, हे आजींनाही माहीत होतं. पशुवैद्यकीय खात्याचे लोक येऊन कुत्रा बघून गेले, आणि घराबाहेर पट्टा व मुसकं सक्तीचं झालं. कुत्रा आजींकडेच राहिला. केक मात्र त्या हिवाळ्यात पुन्हा आला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही जिन्यात समोरासमोर आलो. आजींनी पट्टा आखडून धरला, मी कठड्याला टेकून उभी राहिले. मुसक्यातून कुत्र्याने माझ्या त्याच पोटरीचा वास घेतला. "पाय कसा आहे?" आजींनी विचारलं.

"थंडीत खाज येते," मी म्हणाले. "आणि जिना उतरताना अजून मागे वळून बघते."

त्यांनी मान हलवली, आणि कुत्र्याला घेऊन खाली गेल्या.