नारिकेल, नालिकेर आणि आठवीचा तास

स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा सर्वांत आधी आठवला तो आठवीचा संस्कृतचा एक तास आणि टेबलावर ठेवलेला शेंडीसकट नारळ. आदल्या दिवशी नव्या प्रयोगशाळेची पूजा झाली होती. तिच्यातला तो उरलेला होता.

हितोपदेशातले 'नारिकेलसमाकारा' हे सुभाषित सरांनी शिकवायला घेतले होते. सज्जन वरून कठीण आणि आतून मधुर, हा अर्थ पाच मिनिटांत संपला आणि उरलेला तास सर त्या एकाच शब्दावर बोलत राहिले. फळ्यावर त्यांनी 'नारिकेल' लिहिले आणि त्याखाली अमरकोशातला 'नालिकेर'. 'र' आणि 'ल' यांनी परस्परांच्या जागा घेतल्या होत्या. याला वर्णविपर्यय म्हणतात, असे सांगून त्यांनी मधला 'क' पुसला; दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' प्राकृतात टिकत नाही. मराठीच्या 'नारळ'मध्ये 'र' पुढे राहिला, तर गुजरातीच्या 'नाळियेर'मध्ये तो मागे गेला, हे त्या पुसलेल्या फळ्यावर आम्हांला डोळ्यांनी दिसले.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा गडहिंग्लजकडचा मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडं कानडीत तेंगिनकाय म्हंत्यात." आम्ही हसलो, सर मात्र खूश झाले. 'काय' म्हणजे न पिकलेले फळ आणि पिकले की 'हण्णु', हे त्यांनी त्याच्याकडूनच वदवून घेतले. झाड समुद्रकाठचे, तेव्हा संस्कृतनेही आपला शब्द दक्षिणेकडच्या भाषांतून उचलला असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, हेही त्यांनी सांगितले. तोच शब्द फारसीत 'नारगील' झाला आणि हुक्क्याचे भांडे करवंटीचे असायचे म्हणून पश्चिम आशियात हुक्क्यालाच 'नर्गिले' म्हणू लागले. (आपल्याकडच्या गुडगुडीचेही भांडे करवंटीचेच, पण तिला नाव मिळाले ते आवाजावरून.)

मग सरांनी शेंडी बाजूला करून नारळाचे तीन डोळे वर्गाकडे वळवले. पोर्तुगीज खलाशांना त्यात बागुलबुवाचे तोंड दिसले आणि त्यांनी या फळाला 'कोको' म्हटले. इंग्रजीतला 'कोकोनट' त्यातूनच निघाला आणि 1753 मध्ये लिनियसने दिलेले 'कोकोस न्यूसिफेरा' हे शास्त्रीय नावही. तास संपल्यावर शिपाईमामांनी तो नारळ पायरीवर फोडला आणि माझ्या वाट्याला नखाएवढे खोबरे आले.

पुढे मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत वडिलांच्या दुकानावर बसलो. कर्नाटकातल्या तिपटूरहून लॉरी येते तेव्हा ड्रायव्हर 'तेंगिनकाय' म्हणत पोती मोजतो, ओळखीचे गुजराती व्यापारी दर विचारताना 'नाळियेर' म्हणतात आणि त्या दोघांच्या मध्ये बसून मी बिलावर 'नारळ' लिहितो.