सेंटर प्लस ६

रविवार, रात्री उशिरा

सेंटर, म्हणजे टीव्हीखालचा मधला स्पीकर, प्लस ६ वर होता. मी शून्यावर ठेवलेला, फार तर अर्धा इकडे अर्धा तिकडे, पण ६ कधीच नाही. दुपारी लाइट जाऊन आले आणि मग संध्याकाळी बातम्या लावल्या तर वाक्य आधी ऐकू येतंय आणि ओठ मागून हलतायत, टीव्ही चित्रावर काहीतरी प्रक्रिया करत बसतो त्यात वेळ जातो तो प्रकार, म्हणून ऑडिओ डिले थोडा वाढवायला रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याच्या, मेन्यूत शिरलो आणि सरकत सरकत चॅनल लेव्हलच्या पानावर आलो तर हे. लेफ्ट राइट जिथल्या तिथे, बाजूचे दोन्ही सराउंड स्पीकर जिथल्या तिथे, सबवूफर जिथल्या तिथे, मधला एकटा प्लस ६.

आधी वाटलं लाइट गेल्यामुळे सेटिंग उडालं. पण उडालं असतं तर सगळंच उडालं असतं ना, स्पीकरची अंतरं गेली असती, ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा, गेला असता, एवढी एकच गोष्ट कशी बदलेल. म्हणजे कोणीतरी हाताने बदललंय. गौरी म्हणाली मी तुझ्या त्या काळ्या रिमोटला हातही लावत नाही, आणि ते खरंय. सोहम आधी मोबाइलमधून मान वर करेना आणि मग म्हणाला, "बाबा, आजीने तुला सांगू नको म्हणून सांगितलंय."

तेव्हापासून जे काही चाललंय डोक्यात ते झोपू देत नाहीये म्हणून हे लिहायला बसलो.

तिला त्यानेच शिकवलं, दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी. ऑप्शनचं बटण, मग खाली, मग सेंटर, मग उजवा बाण. आणि तिने ते दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, मी बघितलं आत्ता, सगळे झोपल्यावर. तिच्या त्या शाळेतल्या अक्षरात, काळा रिमोट, ऑप्शन, खाली ४ वेळा, उजवीकडे दाबत राहणे, ६ आले की थांबणे. आणि त्याखाली वेगळ्या पेनने, झाल्यावर परत ० करणे. ० ला दोनदा गोल केलाय. म्हणजे ती रोज दुपारी मालिका बघताना वाढवायची आणि मी ऑफिसातून यायच्या आत परत खाली आणून ठेवायची. आज मालिका चालू असतानाच लाइट गेले आणि परत खाली आणायचं राहिलं. नाहीतर मला कळलंच नसतं. अजून कितीतरी दिवस कळलं नसतं.

मला का नाही सांगितलं?

६ डेसिबल ही काही लहान गोष्ट नाहीये. ३ ने वाढवलं की अँप्लिफायर त्या स्पीकरला दुप्पट पॉवर देतो, ६ म्हणजे चौपट. कानाला ते चौपट वाटत नाही, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, पण तरी नीट ऐकू येणारा माणूस एवढं वाढवणार नाही, त्याला ते कर्कश वाटेल, संवाद बाकीच्या आवाजातून उपटून पुढे आणल्यासारखे वाटतील. मी थोडा वेळ तसंच ठेवून बघितलं. बातम्या देणारी बाई अंगावर येत होती. आणि आईला हे बरोबर वाटतंय, रोज.

सेंटरमधून बोलणंच येतं मुख्यतः. सिनेमा ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीत, असतो तेव्हा जवळपास सगळे संवाद त्या मधल्या स्पीकरवर असतात आणि संगीत, पाऊस, गर्दी, गाड्या हे बाकीच्यांवर. मालिका सेट-टॉप बॉक्समधून दोनच चॅनलची येते पण रिसीव्हर सराउंड मोडमध्ये असला की डाव्या उजव्यात जे सारखं असतं ते वेचून मध्ये पाठवतो आणि बोलणं हे दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे तिची मालिकासुद्धा मधूनच बोलते. मी गाणी ऐकायला स्टीरिओवर टाकतो तेव्हा सेंटर बंद होतो. आता आठवतंय की ती मधूनच म्हणायची, अरे ते मधलं खोकं चालू करून जा जरा. मला वाटायचं दिवा दिसत नाही म्हणून म्हणतेय, त्या खोक्याला दिवा नाहीचे.

आणि मग आता एकेक सुटं सुटं आठवायला लागलंय. कुकरच्या किती झाल्या गं, हे गौरीला विचारणं. फोन कायम स्पीकरवर. सवाईला यंदा नको म्हणाली, गुडघे म्हणाली, मी पासाचं बोललो होतो तरी नको म्हणाली. वसंतराव, भीमसेन सगळे समोर बसून ऐकलेली बाई. गुडघे असतीलही. पण मी आता गुडघ्यांवर विश्वास ठेवायला तयार नाहीये.

वयाने ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं जातं. आ, ओ, ऊ खालच्या पट्टीत असतात ते पोचतात, स, श, फ, थ ह्यांची जी बारीक सळसळ असते ती वर असते, ती जाते. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही. आणि दुसरं म्हणजे हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि थोडं जोरात बोललं की एकदम मोठं वाटतं, मधली जागाच आक्रसते. मला ती म्हणते ना, ओरडतोस कशाला, मी काय बहिरी आहे का. अगदी हेच शब्द. आणि मी त्यावर रुसून बसलोय पण एकदोनदा.

हे सगळं मला माहितीय. हेच वाईट वाटतंय. घरात कोणाला आवाजातलं कळत असेल तर ते मला कळतं, सोसायटीतली लोकं टीव्ही घेताना मला विचारतात, टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या एचडीएमआय एआरसी आणि ई-एआरसी मधला फरक मी वॉचमनलासुद्धा समजावून सांगितलाय, तापकीर गल्लीत मी स्पीकरची वायर बोटांनी चोळून खरं तांबं आहे की मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम ते सांगतो, आणि माझ्याच हॉलमध्ये माझ्याच आईला ऐकू येत नाहीये तर तिने सांगितलं कोणाला, नववीतल्या पोराला. मी कोणीच नाही का? मी तिच्यासाठी एवढा परका कधी झालो? एवढी वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहतोय, कुठे गेलो नाही, सगळे गेले, दादा गेला, मी नाही गेलो.

ते जाऊ दे. दादाचं नको आत्ता.

जेवण झाल्यावर मी तिच्याजवळ दिवाणावर जाऊन बसलो. कानाचं काही काढलं नाही. सहज बसल्यासारखा बसलो आणि रिसीव्हर चालू होता, कुठलातरी सिनेमा सोहमने लावलेला, आणि बसल्याबसल्या पहिल्यांदा कळलं की तिथून कसं ऐकू येतं. डावा सराउंड भिंतीवर आहे तो बरोब्बर दिवाणाच्या वर आहे. हात वर केला तर लागेल. आणि सेंटर पार तिकडे, टीव्हीखाली, तिरका. सिनेमात पाऊस होता. तो सगळा पाऊस माझ्या डाव्या कानात आणि ती दोघं लांब कुठेतरी बोलतायत. ऑटो सेटअप केला होता तेव्हा माईक ठेवला होता सोफ्याच्या मध्यावर, कानाच्या उंचीला, आणि मग एकेका स्पीकरमधून ते टुंई टुंई येतं, ते मोजून रिसीव्हर प्रत्येकाचं अंतर काढतो, लेव्हल काढतो, लांबचा असेल त्याला वाढवतो, जवळच्याला कमी करतो. सगळं त्या एका जागेसाठी. सोफ्याच्या मध्यावर बसलेल्या माणसाला पाचही स्पीकर सारखे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीत भिंती असतात म्हणून तेवढा नाही वाढत, पण वाढतोच, आणि दिवाणावर तर तो सराउंड निम्म्याहून जवळ आहे. म्हणजे तिने सेंटर ६ ने वाढवला ते नुसतं कानासाठी नाही. त्या जागेवर बसून कोणीही वाढवला असता. मी सुद्धा.

एवढं कळल्यावर जरा श्वास सुटला. तासभर तर मी खुशच होतो, म्हटलं कानाला काही झालेलं नाही, जागा चुकीची आहे, संपलं. पण कुकर काही सराउंडखाली नाहीये.

तिला म्हटलं, इथून बोलणं नीट येतं का गं. "येतं की. तुमच्या त्या सिनेमात माणसंच पुटपुटतात." हे पण खोटं नाही. सिनेमाचं मिक्सिंग थिएटरच्या हिशोबाने होतं, तिथे ८५ डेसिबल हा पाया धरतात आणि मुख्य चॅनलचा आवाज १०५ पर्यंत चढू शकतो, तेवढ्या उंचीवर कुजबूज पण ऐकू येते. घरी कोथरूडच्या टू बीएचकेत आपण त्याच्या कितीतरी खाली ऐकतो, मग कुजबूज तळाला जाते आणि स्फोट तेवढे वर राहतात. तिने जे सिनेमे पाहिले, अलकाला, प्रभातला, तिथे तर सगळा आवाजच पडद्यामागच्या स्पीकरमधून यायचा, बोलणं, गाणं, पाऊस, सगळं समोरून. मागून पाऊस पडायची तिला सवयच नाही. मी पहिल्यांदा हे सगळं घरात लावलं तेव्हा म्हणाली होती, आणलीस का डॉल्बी घरात, गणपती बसवणार का. पण माझी वायर भिंतीवर क्लिपा मारून बसवायला शिडी तिनेच धरली होती.

मग मी विचारलंच. वाढवत होतीस ते मला सांगायचं ना.

ती सोहमकडे बघायला लागली. तो आत निघून गेला. मग म्हणाली, "तू इतका कान लावून लावून, ते टुंई टुंई करून सगळं बसवलंयस. रात्र रात्र बसला होतास. माझ्या एका मालिकेसाठी ते कशाला बिघडवायचं? मी लावते, परत करते. तुझं तुला जसंच्या तसं मिळतंय ना?"

मला उत्तर नाही सुचलं. मी दुपारपासून, म्हणजे संध्याकाळपासून, हे धरून बसलोय की तिने माझ्यापासून लपवलं, आणि ती म्हणतेय की मी तुझी वस्तू सांभाळत होते. वहीत तो शून्याला गोल माझ्यासाठी होता. हे कळूनसुद्धा आत कुठेतरी दुखतंच आहे, कारण हे पूर्ण खरं नाहीये हे तिलाही माहितीय आणि मलाही. बाबांचं मशीन अजून कपाटात आहे, त्या निळ्या डबीत, सेल काढून ठेवलेलं. ते कानात घातल्यापासून लोकं त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली, तिच्याशी बोलायची, यांना सांगा म्हणायची. ती ते विसरली नसणार. मी विसरलो नाहीये तर ती कशी विसरेल.

मग तिनेच म्हटलं, लगेच डॉक्टर डॉक्टर करू नकोस. मी म्हटलं नाही करत. म्हणाली, "पाडवा होऊ दे." पाडव्यानंतर चल म्हणते म्हणजे येणार, ती असं उगाच बोलत नाही. कानाची तपासणी म्हणजे काही नसतं खरंतर, हेडफोन लावून बारीक टी टी आवाज देतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला किती डेसिबलपासून ऐकू येतंय त्याचा आलेख निघतो. म्हणजे आमच्या ऑटो सेटअपसारखंच, स्पीकरऐवजी कान. तिला हे असं सांगितलं तर तिला पटलं असं वाटलं. निदान, त्यात सुई नसते ना, एवढंच विचारलं.

अजून वाटतंय की मला आधी सांगायला हवं होतं. हे जाणार नाही एवढ्यात. पण सोहमला सांगितलं ह्याचा राग मात्र गेला. त्याने कोणाला काही शिकवलंय आणि ते तिला जमलंय आणि त्याने एवढे महिने तोंड उघडलं नाही, मला वाटलं नव्हतं तो असा आहे.

सेंटर मी ६ वरच ठेवलाय. गौरी म्हणाली मोठा वाटतोय, म्हटलं होईल सवय. डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन पण चालू केलं, जे मी आजवर कधी कोणाला चालू करू दिलं नाही, त्याने मोठे आवाज खाली येतात आणि बारीक वर येतात, सिनेमाचा जीव जातो असं माझं मत आहे आणि ते मत अजूनही तेच आहे, पण दुपारी मालिकेला काय जीव जायचाय. सराउंड सरकवायचा तर भिंतीतली पट्टी उखडावी लागेल, रंग जाईल, ते दिवाळीला बघू. तोवर माईक शोधून शनिवारी परत ऑटो सेटअप करायचा, पहिलं मोजमाप दिवाणावरून, तिच्या कानाच्या उंचीला, आणि मग बाकीची सोफ्यावरून. त्यात सराउंडचा आवाज आपोआप खाली येईल. मधल्या जागेवर मला पाऊस जरा कमी पडेल.

आईला सांगितलंय शनिवारी चारनंतर अर्धा तास पंखा बंद, खिडक्या बंद, कोणी बोलायचं नाही. ती म्हणाली चारला नको, पावणेपाचला कर, चारला तिची मालिका रिपीट असते.