मे महिन्यातल्या आठ सभा

"अगं, मे महिन्यात आपण रोज मीटिंग घेत होतो होय? ते पण ऐन लग्नसराईत?"

बचत गटाच्या सचिव मावशींनी प्रिंटवर बोट ठेवलं. ४ मे, ५ मे, ६ मे, असं करत थेट ११ मे. आठ दिवस, आठ सभा, प्रत्येक सभेला दहा बायकांचा हप्ता जमा. आणि गटाची सभा तर महिन्यातून दोनदाच, पाच आणि वीस तारखेला. "बाई, घरातली मला जेवायला तरी घालतील का रोज मीटिंगला गेले तर," असं म्हणून मावशी हसल्या. मी हसले नाही. हिशेब मी टाइप केला होता.

कराडात मामलेदार कचेरीजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, ऑनलाइन फॉर्म, कोणाचा बायोडेटा, कोणाची लग्नाची यादी. जुना कॉम्प्युटर २०१५ सालचा, विंडोज १० वर चालणारा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट्स बंद. त्या मशीनवर ११ चढेना. प्रोसेसर जुना आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही. लोकांची आधार कार्डं ज्या मशीनवर दिवसभर उघडतात ते तसंच चालवायचं माझ्या जिवाला पटेना. दिवाळी पाडव्याला नवा घेतला. विंडोज टाकायला मुलगा आला. देश कुठला, भाषा कुठली, असं विचारणाऱ्या पडद्यांवर तो पुढे, पुढे दाबत गेला. आणि मी? मी त्याला चहा सांगायला बाहेर गेले होते.

तर झालं असं की कॉम्प्युटर अमेरिकेत राहायला लागला. तिकडे आधी महिना, मग दिवस. मी गटाच्या वहीतून एप्रिलपासूनचं सगळं एक्सेलमध्ये उतरवत होते. ५/४/२०२५ टाइप केलं की पडद्यावर ५/४/२०२५ च दिसायचं, म्हणजे शंका घ्यायला जागाच नाही. आतमध्ये मात्र त्याने ते ४ मे म्हणून ठेवलं. ५/६ चं ६ मे झालं, ५/११ चं ११ मे. पाच तारखेच्या सगळ्या सभा मे महिन्यात जाऊन बसल्या, त्यातली ५ मे तेवढी खरी. वीस तारखेच्या सभांचं वेगळंच. विसावा महिना नसतो, म्हणून २०/४ ही त्याने तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवून दिली. खूण समोर होती: खरी तारीख एक्सेलच्या चौकोनात उजव्या कडेला चिकटते, मजकूर डावीकडे. रकान्यात दहा ओळी उजवीकडे, दहा डावीकडे अशी नागमोडी रांग दिसत होती आणि मी म्हटलं, नंतर सगळं मधोमध करून टाकू. केलंही. म्हणजे होती ती खूणही मीच पुसली. शेवटी प्रिंट छान दिसावी म्हणून महिन्याचं नाव येईल असा फॉरमॅट लावला, तेव्हा मावशींना मे दिसला.

दुरुस्ती तशी सोपी. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, आणि तिथे रीजनल फॉरमॅटमध्ये इंग्लिश (इंडिया). पण एक लक्षात घ्या, याने पुढे टाकाल त्या तारखा बरोबर होतात. आधी चुकीच्या बसलेल्या बसलेल्याच राहतात, उलट आता ०४-०५-२०२५ अशा आपल्या पोशाखात दिसायला लागतात, म्हणजे आणखीच खऱ्या वाटतात. दहा बायका गुणिले आठ सभा, ऐंशी ओळी. शेजारच्या रकान्यात डेटचा फॉर्म्युला लावला, त्यात महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना घातला आणि अदलाबदल करून घेतली. वीस तारखेच्या सभांच्या तारखा पुन्हा हाताने टाइप केल्या. रात्रीचे साडेनऊ झाले. घरून दोन फोन येऊन गेले.

त्याच एका बदलाने स्वल्पविरामही घरी आले. गटाची शिल्लक आधी २४८,६०० अशी दिसत होती. मावशींनी ती वाचायलाच नकार दिला होता. आता २,४८,६०० दिसते. रुपयाच्या चिन्हासाठी मी इतके दिवस कुठल्या तरी जुन्या फाइलमधून कॉपी-पेस्ट करत होते. कीबोर्ड इंग्लिश (इंडिया) ठेवला की उजवा ऑल्ट दाबून ४ मारायचा, ₹ हजर.

कागदाचंही तेच. नवी वर्ड फाइल उघडली की पान लेटर आकाराचं, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. आता माझ्या दुकानात लेटरचा कागद कुठून येणार? प्रिंटर कागद मागत बसायचा, नाहीतर खाली अठरा मिलिमीटरची पट्टी कोरी सोडून अर्ज बाहेर यायचा. एका आप्पांनी ती कोरी जागा बघून "इथं सही करायची का?" विचारलं होतं. पेज सेटअपमध्ये ए-फोर निवडून सेट अ‍ॅज डिफॉल्ट दाबलं तेव्हा ते थांबलं.

यूट्यूबवर बघाल तर विंडोज ११ घेतल्या घेतल्या काय करायचं, तर म्हणे स्टार्टचं बटण मधून डावीकडे न्या. न्या की. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खालच्या बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट लेफ्ट. मीही नेलं, वीस सेकंदांचं काम. राइट क्लिकचा मेनू अर्धवट उघडतो म्हणूनही लोक चिडतात. शिफ्ट धरून राइट क्लिक केलं तर पूर्ण उघडतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, हात घालायचे सल्ले मी काही पाळले नाहीत, दुकानाचं मशीन आहे. पण जे डोळ्यांत खुपतं ते माणूस कधी ना कधी बदलतोच हो. माझे पैसे गेले ते न खुपणाऱ्या गोष्टींत.

प्रिंटर घ्या. माझ्याकडे दोन आहेत. काळा-पांढरा लेसर, दिवसभर चालणारा, आणि फोटोसाठी रंगीत इंकजेट, ज्यात चकचकीत कागद घालून ठेवलेला असतो. विंडोजमध्ये "लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर" अशी एक सोय आहे. ती चालू असेल तर तुम्ही शेवटचा जो प्रिंटर वापरला तो आपोआप मुख्य होतो. घरात एकच प्रिंटर असेल तर काही फरक पडत नाही. माझ्याकडे मात्र एका पोराचे पासपोर्ट फोटो काढले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा सातबारा फोटोपेपरवर, चकचकीत. चार पानं गेली तेव्हा लक्षात आलं. ते आजोबा खूश होते, म्हणाले, "असाच राहू दे, टिकंल." ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे ती सोय बंद केली आणि लेसरवर जाऊन सेट अ‍ॅज डिफॉल्ट केलं.

मराठी टायपिंगवाल्यांसाठी एक सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिकले. वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमधल्या फॉर्ममध्ये इंग्रजी, अशी दिवसातून शंभर वेळा ये-जा असते. विंडोज मुळात सगळ्या खिडक्यांना एकच भाषा लावतं. वर्डमधून फॉर्मवर आलं की गिऱ्हाइकाच्या ईमेलच्या जागी पहिल्यांदा देवनागरीच उमटायची. टायपिंगच्या अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये एक चौकोन आहे, प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीला वेगळी भाषा ठेवू दे, अशा अर्थाचा. तिथे टिक केली. आता वर्ड मराठीत, ब्राउझर इंग्रजीत, आणि दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. त्याच पानावरून पुढे गेलं की डावा ऑल्ट आणि शिफ्ट मिळून भाषा बदलण्याचा शॉर्टकटही काढता येतो. तो काढला. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस आहेच, आणि ते चुकून दाबलं जात नाही.

आणि फाइलचं आडनाव. म्हणजे एक्स्टेंशन, नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, पण मी शिकवताना आडनावच म्हणते. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं. २००० सालच्या मे महिन्यात (पुन्हा मे!) आय लव्ह यू नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच्याच जोरावर. ईमेलसोबतच्या फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, असं दिसायचं. खरं आडनाव व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम, होतं आणि तेच झाकलेलं. लोकांनी साधं पत्र समजून उघडलं. माझ्या दुकानात तर रोज दहा पेनड्राइव्ह येतात. मागे जुन्या मशीनवर एका पेनड्राइव्हमध्ये पिवळ्या फोल्डरचं चित्र होतं, नाव "लग्न फोटो". आडनाव उघडं ठेवलेलं होतं म्हणून पुढे ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामचं आडनाव, दिसलं. फोल्डरला कसलं आलंय आडनाव? उघडलं नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेंशन्स. नव्या मशीनवर हे मात्र मी पहिल्याच दिवशी केलं होतं.

रात्री दुकान बंद करताना शट डाउन करते, तरी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अप टाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे ते, सहा दिवस दाखवत होता. फास्ट स्टार्टअप. बंद करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून आणतं. म्हणून अडकलेला प्रिंटर "बंद करून चालू" केल्यावरही अडकलेलाच राहायचा. रीस्टार्ट केलं की सुटायचा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या पानावर फास्ट स्टार्टअपची टिक आहे, ती काढायची. सुरुवातीला फिकी दिसते, वरच्या निळ्या ओळीवर क्लिक केलं की हात लावू देते. डेस्कटॉपच्या फायली क्लाउडवर जात होत्या तेही थांबवलं. दुसऱ्यांची आधार कार्डं आहेत ती, माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो नव्हेत.

या महिन्यापासून दुपारी मदतीला एक मुलगी येते, बारावी झालेली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, ते स्टार्टचं बटण मध्येच बरं दिसतं." म्हटलं, बाई, तुझं तू वेगळं लॉगिन घे आणि हवं तिथे ठेव. लॉगिन करून दिलं, कीबोर्ड लावून दिला, आणि मी बँकेत गेले. तारीख होती ३ डिसेंबर. परत आले तर ती कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत बसलेली.

"ताई, बारा मार्च कसा काय लागला?"

रीजनल फॉरमॅट ज्याच्या त्याच्या लॉगिनचा वेगळा असतो. मावशींची पुढची सभा पाच तारखेला होती. पिशवी खाली ठेवली आणि आधी तिचं सेटिंग्ज उघडलं.