ट्रिस्टन दा कुन्हाला निघताना

"परत कधी येणार?" आईने विचारलं, तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. केप टाउनहून बोट कधी सुटणार ते सांगता येत होतं. परतीची तारीख कागदावर होती, पण ती वाऱ्याच्या आणि लाटांच्या मर्जीची. शेवटी म्हटलं, "दोन महिने धरून चाल. आधी आले तर आनंदच." पुढची सगळी तयारी मी या एकाच वाक्यावर केली.

ट्रिस्टन दा कुन्हा हे दक्षिण अटलांटिक महासागरातलं ब्रिटिश ताब्यातलं बेट. केप टाउनपासून सुमारे 2,800 किलोमीटर. सगळ्यात जवळची माणसांची कायमची वस्ती सेंट हेलेना बेटावरची, तीही 2,400 किलोमीटरवर. बेटावर गाव एकच, एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज, आणि त्यात अडीचशेच्या आत माणसं. विमानतळ नाही. बोटीने जायचं, साधारण आठवडाभर, आणि बोटीनेच यायचं.

इथे तिकिटाच्या आधी परवानगी लागते. बेटाचे प्रशासक आणि आयलंड कौन्सिल यांच्याकडे अर्ज करायचा: का यायचंय, किती दिवस, राहणार कुठे. सोबत पोलिसांचा दाखला आणि आजारपणात बेटाबाहेर हलवावं लागलं तर तो खर्च भरून देणारा विमा. हॉटेल नाहीच, गावातल्या कुणाच्या तरी घरी किंवा गेस्ट हाउसमध्ये उतरायचं. मला ही विचारपूस मुळीच जाचक वाटली नाही. एवढ्याशा गावात कोण येऊन राहणार हे गावानेच ठरवावं.

बोटीच्या फेऱ्या वर्षात मोजक्याच. मासेमारी आणि मालवाहतूक करणाऱ्या बोटी, त्यात प्रवाशांना जेमतेम डझनभर जागा. शिवाय एस. ए. अगुल्हास 2 हे दक्षिण आफ्रिकेचं जहाज ट्रिस्टनच्याही दक्षिणेला असलेल्या गॉफ बेटावरच्या हवामान केंद्रातली माणसं बदलायला वर्षातून एकदा जातं, ते ट्रिस्टनला थांबतं. जागा देताना आधी आजारी माणसं, मग बेटावरचे रहिवासी आणि कामानिमित्त जाणारे, पर्यटक सगळ्यात शेवटी. आमचं पहिलं बुकिंग असंच गेलं. वाईट वाटलं, पण ज्याचं तिथे घर आहे त्याने आधी जावं, हे पटतंच. त्यातून एक शिकले: केप टाउनपर्यंतचं विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढायचं, दोन पैसे जास्त पडले तरी.

आणि व्हिसा. बोट सुटली की तुम्ही दक्षिण आफ्रिकेबाहेर गेलात, परतताना पुन्हा प्रवेश. त्यामुळे एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा, आणि त्याची मुदत अपेक्षित परतीच्या पुष्कळ पुढची. अर्ज भरताना ही गोष्ट सहज नजरेतून सुटते.

सामानात सगळ्यात जास्त डोकं औषधांवर घातलं. रोजच्या गोळ्या लागतील त्याच्या दुप्पट, दोन वेगळ्या पिशव्यांत, प्रिस्क्रिप्शनसकट. बेटावर हॉस्पिटल आहे, पण आपली नेमकी गोळी तिथे असेल असं गृहीत धरायचं नाही. बोट लागण्याची गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. ती बोटीत चढण्याआधीच पोटात गेली पाहिजे. एटीएमच्या भरवशावर राहायचं नाही, म्हणून पौंडांच्या नोटा बरोबर घेतल्या. कपडे थोडेच, पण थरावर थर चढवता येतील असे, आणि पाऊस व वारा दोन्ही अडवणारं चांगलं जाकीट. चाकांची बॅग घरीच ठेवली. पाठीवर घेता येईल अशी मऊ सॅक आणि आत पाणी न शिरणारी पिशवी, एवढंच.

मग एक अख्खी संध्याकाळ गेली बूट साफ करण्यात. बाहेरची बी आणि माती बेटावर जाऊ नये यासाठी तिथे फार काटेकोर असतात. मी वर्तमानपत्र अंथरलं, दिवा जवळ ओढला आणि चिमटा घेऊन बसले. तळव्याच्या खाचांतली वाळलेली माती टाचणीने उकरली. जाकिटाच्या मनगटाजवळचं वेल्क्रो उघडलं, तर आत मागच्या कुठल्यातरी ट्रेकचं एक कुसळ. इतकं घट्ट रुतलेलं की चिमट्यात धरून गोल फिरवत काढावं लागलं. तळहातावर ठेवून कितीतरी वेळ बघत राहिले. गॉफ बेटावर एकोणिसाव्या शतकात सील मारायला आलेल्या जहाजांतून उंदीर उतरले. ते आजही अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं घरट्यात जिवंत कुरतडतात. 2021 मध्ये त्यांना नाहीसं करण्याची मोठी मोहीम झाली, तरी काही उरलेच. ते उंदीरही कुणी मुद्दाम नेले नव्हते. कुसळ कागदात गुंडाळून जाळलं आणि सॅकचा प्रत्येक खिसा उलटा करून पुन्हा झटकला.

सातव्या दिवशी ढगात अर्धं बुडालेलं बेट दिसलं. शिखर 2,062 मीटरचं, पण आम्हाला दिसला तो फक्त पायथा आणि त्यावरची घरं. कॅलशॉट हार्बर इतकं लहान की मोठी बोट आत जातच नाही, बाहेर नांगर टाकून थांबते. लाटा मोठ्या असतील तर उतरवत नाहीत. दोन दिवस आम्ही रात्री गावातले दिवे मोजत काढले. केप टाउनची परतीची गडबड डोक्यात नव्हती, म्हणून ते दोन दिवस जड गेले नाहीत.

तिसऱ्या सकाळी समुद्र थोडा बसला. सामान जाळ्यातून खाली गेलं. मी लाइफ जॅकेट आवळलं आणि दोरीच्या शिडीवर आले. दोन्ही हात मोकळे होते. खालची छोटी बोट लाटेबरोबर वर यायची, परत खोल जायची. त्यातल्या माणसाने हात वर करून मला थोपवलं, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. बोट वर आली, तो ओरडला, "आता!" आणि मी शिडी सोडली.