तुम्ही विचारलंत म्हणून : भाकर ‘खाल्ली’च का?

‘व्याकरणाच्या पुस्तकात नियम दिलेलेच असतात, मग भाषाशास्त्राचे सिद्धांत त्याहून वेगळं काय सांगतात?’ हा प्रश्न गावाकडचे शिक्षक मला नेहमी विचारतात. पुष्कळदा त्याच्या पाठीमागे दुसरा असतो : आमची पोरं वऱ्हाडी बोलतात, ते नियमात बसत नाही, त्याचं काय करायचं? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

काय घडतं ते नीट टिपणं हे वर्णन, ते का घडतं ते सांगणं हे स्पष्टीकरण. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोया, सकाय, आभाय. याचं कारण म्हणून ‘खेड्यातली जीभ आळशी’ असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही, आणि न पटायला पुरावा आहे. जीभच आळशी असती तर ‘माल’मधला ‘ल’सुद्धा ढेपाळला असता. तो शाबूत राहतो. मग कारण बोलणाऱ्या माणसात नसून ध्वनीत शोधायला हवं. ‘ल’ म्हणताना जिभेचं टोक दातांमागे घट्ट टेकतं. ‘ळ’ म्हणताना जीभ मागे वळते, टाळूला क्षणभर लागते आणि सुटते. तो निसटता स्पर्श ढिला पडला की ‘य’जवळचा ध्वनी उरतो.

खरा फरक कळतो तो क्रियापदात. ‘पोरगा भाकर खातो’ म्हणताना क्रियापद पोराकडे बघतं. ‘पोरानं भाकर खाल्ली’ म्हणताना भाकरीकडे. शाळेत हे कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतात. नाव दिलं, पण असं का होतं ते राहिलंच. इतिहासात त्याचं एक उत्तर आहे. आपला भूतकाळ संस्कृतच्या ‘तेन रोटिका खादिता’ या धाटणीतून आला, आणि तिथे ‘खादिता’ हे रोटिकेचंच विशेषण. ‘खातो’ची वंशावळ निराळी, ती कर्त्याशी बांधलेली. म्हणून भूतकाळ वेगळा वागतो.

पण धारणीच्या किंवा दारव्ह्याच्या चार वर्षांच्या पोराला संस्कृत येत नाही, तरी ते ‘खाल्ली’ बिनचूक म्हणतं. त्याच्या डोक्यात काय असेल? भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी 1965 मध्ये सिद्धांताकडून हीच मोठी अपेक्षा ठेवली : कानावर पडलेल्या थोड्याशा वाक्यांतून मूल नेमकं हेच व्याकरण कसं उभं करतं, ते सांगा.

आता हा एक नियम घेऊन बघा : ज्या नामाला प्रत्यय लागलेला नाही, क्रियापद त्याच्याशी जुळतं, दोन्ही नामं मोकळी असली तर कर्त्याचा मान पहिला, एकही मोकळं नसलं तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. ‘त्यानं दोन बैल बांधले’ इथे बैल मोकळे आहेत. ‘त्यानं दोन्ही बैलायले बांधलं’ इथे कोणीच मोकळं नाही, म्हणून ‘बांधलं’. आणि ज्यासाठी आपण नियम केलाच नव्हता तेही त्यात बसतं : ‘मले भूक लागते’. भूतकाळ नाही, कर्मणी प्रयोग नाही, तरी क्रियापद भुकेमागे जातं, कारण ‘मले’ला प्रत्यय आहे. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं हाती आलं की समजावं, स्पष्टीकरण जवळ आलंय.

‘तो पाणी प्याला’, ‘ती धडा शिकली’ हे पुस्तकात अपवाद म्हणून येतात. या नियमाच्या दृष्टीनं ते अपवादच नाहीत. ‘तो’ला ‘नं’ लागलेला नाही, म्हणून क्रियापद ‘तो’कडे गेलं. बोलीत ‘त्यानं पाणी पिलं’ असंही ऐकू येतं, पण ‘तो पाणी पिलं’ असं होत नाही. ‘नं’ आला की जुळणी बदलते, दोन्ही एकदमच. काय होणार नाही हे सांगण्याची जोखीम सिद्धांतानं घ्यायलाच हवी.

तो अडतो कुठे, तेही सांगतो. ‘मी भाकर खाल्ली’ या प्रमाण मराठीतल्या वाक्यात ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही, तरी क्रियापद भाकरीकडे जातं. मग इथे न दिसणारी विभक्ती आहे असं मानावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. पण वऱ्हाडी म्हातारी म्हणते ‘म्या भाकर खाल्ली’. ज्ञानेश्वरीतल्या ‘मियां’चंच हे रूप. प्रमाण भाषेत झाकली गेलेली विभक्ती बोलीत उघडी आहे. ज्या शब्दाला आपण वहीत लाल रेघ मारतो, तो सिद्धांताचा साक्षीदार आहे. ती रेघ बघितली की जीव तुटतो. दुसरी अडचण मात्र अजून उभीच आहे. पिणं, शिकणं, जेवणं या क्रियांचा परिणाम कर्त्यावरच होतो, म्हणून त्यांना ‘नं’ नको, असं स्पष्टीकरण देतात. मग खाण्याला तो का लागतो?

वर्गात तपासायचं असेल तर वाक्यांच्या जोड्या करा, दर जोडीत एकच गोष्ट बदला. ‘बरोबर काय?’ असं विचारू नका. पोरं पुस्तकातलं उत्तर देतात. ‘घरी आजी असं म्हणेल का?’ असं विचारा.

शेवटचा धागा आपल्या भागातलाच. मराठी आर्य कुळातली, गोंडी आणि कोलामी द्राविड कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली : ही तीन निरनिराळी भाषाकुळं. तरी तिघांत क्रियापद शेवटी येतं आणि ‘-त’, ‘-खाली’सारखं जे काही ते नामानंतर. शेजारामुळे असं झालं म्हणावं, तर तुर्की आणि जपानीतही तेच. भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये तीस भाषा ताडून हा मेळ दाखवला, पण तीही मोजणीच होती, म्हणजे वर्णनच. त्याचं एक कारण असं सुचवतात की वाक्यातले जोडणारे शब्द एकाच बाजूला असले की ऐकणाऱ्याला कमी लक्षात ठेवावं लागतं. या कारणाला फारसीचं उत्तर द्यावं लागेल. तिच्यात क्रियापद शेवटी, पण ‘विना’ अर्थाचा ‘बे’ नामाआधी. तो आपल्या ‘बेकायदा’त अजून पुढेच बसलेला आहे, आणि आपलं ‘कायद्याशिवाय’ मागे.