डोळ्यातला अंधबिंदू

डोळ्याच्या रचनेत मला सर्वाधिक चकित करतो तो अंधबिंदू. दृष्टिपटलावरून संदेश नेणारे सुमारे १० लाख चेतातंतू प्रकाशाकडील बाजूने पसरून एका जागी गोळा होतात आणि पटल भेदून मेंदूकडे जातात. त्या जागी प्रकाशसंवेदी पेशीच नसल्यामुळे तिथे पडलेली प्रतिमा दिसत नाही. मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात हे दाखवून दिले. उजवा डोळा मिटावा, हात लांब करून दोन्ही अंगठे जुळवावेत आणि नजर उजव्या अंगठ्यावरच ठेवून डावा हळूहळू बाहेर न्यावा. वीतभर अंतराच्या आतच त्याचे टोक नाहीसे होते. मेंदू ती पोकळी आजूबाजूच्या रंगाने बेमालूम भरतो. ऑक्टोपसचे चेतातंतू मात्र पटलाच्या मागून निघतात (मला ही मांडणी अधिक शहाणपणाची वाटते), म्हणून त्याला अंधबिंदू नसतो.