स्टारबक्सचा अहवाल वाचताना

एमबीएच्या स्ट्रॅटेजीच्या प्रोजेक्टसाठी मी स्टारबक्स ही अमेरिकन कॉफी कंपनी निवडली. या कंपनीचे स्वॉटचे (बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके) चार चौकोन कुठेही तयार मिळतात, पण ‘नामांकित ब्रँड’, ‘चढे दर’ एवढ्यावर माझं समाधान होईना. म्हणून आधी वार्षिक अहवाल उघडला.

जगभरातल्या सुमारे ४० हजार दुकानांपैकी साधारण निम्मीच कंपनी स्वतः चालवते. बाकीची परवान्यावर इतर लोक चालवतात. परवान्याच्या दुकानात ग्राहक जे पैसे मोजतो ते कंपनीच्या खात्यात येत नाहीत. तिला रॉयल्टी मिळते आणि पुरवलेल्या मालाचे पैसे मिळतात. भाडं आणि पगार दुसऱ्याच्या डोक्यावर. ही फोड केल्याशिवाय विक्रीच्या आकड्यांना हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

मी सर्वांत जास्त रेंगाळले ती ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला. ग्राहकांनी कार्डात आणि ॲपमध्ये आधीच भरून ठेवलेले, अजून न वापरलेले पैसे तिथे दिसतात: दीड अब्ज डॉलरहून जास्त! बिनव्याजी, आणि मागायला कोणी दारात येत नाही. त्यातली जी रक्कम कधीच वापरली जाणार नाही असा अंदाज असतो, ती ‘ब्रेकेज’ म्हणून उत्पन्नात धरतात. निष्ठावान ग्राहक म्हणजे काय, हे मला या एका ओळीतून कळलं.

मग स्पर्धा. पोर्टरच्या फाइव्ह फोर्सेसचा, म्हणजे प्रतिस्पर्धी, नवे येणारे, पर्यायी वस्तू, ग्राहक आणि पुरवठादार या पाच दबावांचा, एकच तक्ता सगळ्या जगाला लावणं मला पटलं नाही. ऑस्ट्रेलियात इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी एस्प्रेसोची चव कधीच रुजवली होती. गल्लीतला कॅफेवालाच तिथे तगडा प्रतिस्पर्धी ठरला. २००८ मध्ये तिथल्या ८४ पैकी ६१ दुकानांना टाळं लागलं. चीनमध्ये सगळं उलटं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या लकिन कॉफीने ॲपवर ऑर्डर, छोटी जागा आणि कमी दर यांवर भर दिला. २०२० मध्ये तिचा विक्री फुगवल्याचा घोटाळा उघड झाला, तरी २०२३ मध्ये तिने चीनमधल्या विक्रीत स्टारबक्सला मागे टाकलं. निवांत बसायची जागा हेच ज्या कंपनीचं बळ, तिच्यासमोर बसायला फारशी जागा न देणारा स्पर्धक उभा राहिला.

पुरवठादारांचा भाग मी थोडक्यात आटोपला. शेतकरी विखुरलेले, त्यांच्या हाती सौद्याची ताकद फारशी नाही. पण ब्राझीलमध्ये दुष्काळ किंवा गोठवणारं दहिवर पडलं की अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव सगळ्यांनाच पोळतो.

व्हायवात सरांनी विचारलं, ‘‘देशागणिक वेगळे तक्ते कशासाठी?’’ मी ऑस्ट्रेलिया आणि चीनची पानं शेजारी शेजारी ठेवली. त्यानंतर बोलणं चीनवरच रंगलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने तिथल्या व्यवसायातला ६० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा बोयू कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकण्याचा करार जाहीर केला होता. त्यामुळे तिथली हजारो दुकानं परवान्याच्या रकान्यात गेली की एकूण विक्री घटलेली दिसेल, आणि तेवढ्यावरून कंपनी खचली असं म्हणता येणार नाही, हे मी सरांना आकडे मांडून दाखवलं.